हरवलेल्या मुक्कामांची यादी

थांबा. गंगापूरहून नगरकडे निघालं की कायगावला गोदावरी आडवी येते. पुलावरून दोन मिनिटांत पार. पूर ओसरेपर्यंत काठावर मुक्काम ठोकणं गेलं.

मजल. बुऱ्हाणपूर ते औरंगाबाद हा मोगलांचा दख्खनेत उतरायचा रस्ता. वाटेत अजिंठ्याचा घाट. पायथ्याशी फर्दापूरला एक सराई, घाटमाथ्यावर अजिंठा गावात दुसरी. एक रात्र घाट चढण्याआधी, एक चढून आल्यावर. बैलांच्या दमावर ठरलेलं हे अंतर आता गाडीत बसल्या बसल्या सरतं.

ओवरी. मधे अंगण, भोवती दगडी कमानींची रांग. एका कमानीआड एक बिऱ्हाड. सामान आत, जनावर अंगणात. शेजारचा कुठल्या मुलखाचा, हे सकाळी कळायचं.

भटियारा. सराईत चूल पेटवणारा, खाट देणारा, घोड्याच्या चाऱ्याचं बघणारा. माणूस गेला, धंदा गेला. ‘भटारखाना’ हा शब्द तेवढा लग्नाच्या मांडवामागे उरला आहे.

मुसाफिर. संभाजीनगरात पाणचक्कीला लागून बाबा शाह मुसाफिरांचा दर्गा आहे. तिथलं पाण्यावर फिरणारं जातं फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळायचं. चाक बघायला गर्दी होते. त्या पिठाची भाकरी कुणाच्या पोटात जायची, हे क्वचितच कुणी विचारतं.

पुकारा. व्हेनिसचा निकोलाव मनुची सतराव्या शतकात हिंदुस्थानात आला. सरायांची रीत त्याने लिहून ठेवली आहे. संध्याकाळी दरवाजा बंद. पहाटे राखणदार ओरडून सांगायचा, आपापल्या वस्तू बघून घ्या. कुणाचं काही गेलं असेल, तर ते सापडेपर्यंत दरवाजा उघडायचा नाही. एकाची चीज हरवली की सगळ्यांचा खोळंबा.

या यादीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. एका रात्रीपुरते जमलेले अनोळखी लोक, आणि तरी एकमेकांच्या गाठोड्याला बांधलेले.

दगड. एवढाच अजून हाताशी आहे. फर्दापूरला लोक लेणी बघायला उतरतात. त्यांनी घटकाभर सराईकडेही वळावं. किती कमानी धड आहेत, कुठला चिरा निखळला आहे, हे कुणीतरी मोजावं, लिहावं, सावरावं.

मोजदाद होईपर्यंत पुढे जायचं नाही, हा सराईचाच नियम आहे.