वाढीची रेषा

आपल्या मंडळींच्या कोणत्याही बार मित्स्वाला जावे, तेथे एक उद्गार हमखास कानी पडतो : "अरे, नातू आजोबांच्या डोक्यावरून गेला की!" अलिबाग-रेवदंड्याकडून आलेल्या आजोबांपेक्षा लोद किंवा अश्दोदला जन्मलेला नातू वीतभर उंच असणे, हे आता नवलाचे राहिलेले नाही. "इथली हवा मानवली," असे म्हणून आपण विषय मिटवितो. शिक्षकी पेशात आयुष्य गेल्याने आमचे मात्र एवढ्यावर समाधान होत नाही.

नुसत्या हवेने उंची वाढत नाही. बालपणी हगवण, जंत आणि ताप यांच्याशी झुंजण्यात शरीराची शक्ती खर्ची पडली, तर हाडांच्या वाट्याला थोडेच उरते. पहिल्या काही वर्षांत पाय झपाट्याने वाढतात, म्हणून अर्धपोटी राहण्याचा घाव प्रथम पायांच्या लांबीवर बसतो. आई स्वतः लहानपणी कुपोषित राहिली असेल, तर तिच्या गर्भालाही त्याची झळ पोहोचते. म्हणूनच देश बदलला तरी ही भरपाई बहुधा एका पिढीत पुरी होत नाही.

या विषयाचा पाया एका यहुदी विद्वानाने घातला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. जर्मनीत १८५८ साली जन्मलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले फ्रान्झ बोआस यांनी १९०८ ते १९१० या काळात न्यूयॉर्कमध्ये सुमारे १८,००० स्थलांतरितांची व त्यांच्या मुलांची मापे घेतली. पूर्व युरोपातून आलेल्या यहुद्यांची अमेरिकेत जन्मलेली मुले, युरोपात जन्मलेल्या मुलांहून उंच भरली. शरीराची ठेवण वंशाने कायमची ठरते, असे म्हणून परक्यांना हीन लेखण्याचा तो काळ होता.

तो काळ सरला, पण ती समजूत पुरती सरलेली नाही. आमच्या परिचयातील एका घरची सात वर्षांची मुलगी वर्गात सर्वांत ठेंगणी. आईने तपासणीच्या वेळी काळजी बोलून दाखविली, तेव्हा उत्तर मिळाले, "होदी मुलं बारीकच असतात." आईही गप्प बसली. आईबापांची ठेवण मुलांत उतरते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील, मातेचे दूध व उत्तम निगा लाभलेली मुले पाहिली, तेव्हा पाच वर्षांपर्यंतची त्यांची उंची जवळजवळ सारख्याच गतीने वाढत असल्याचे आढळले. मग "होदी" या एका शब्दात निदान कसे व्हावे?

आम्ही त्या आईला टिपत हलावपासूनच्या साऱ्या नोंदी काढावयास सांगितल्या. मूल ठेंगणे असणे निराळे आणि त्याची वाढ मंदावणे निराळे. ठेंगण्या पण निरोगी मुलाची रेषा तक्त्यावर खालून का होईना, आपल्या वाटेने चढत राहते. या मुलीची रेषा चौथ्या वर्षापर्यंत नीट चढली होती व नंतर आडवी होत गेली होती. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासविले. सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होऊन अन्न अंगी लागत नव्हते.

आता त्या घरी आजींची तांदळाची भाकरी पुन्हा रोजची झाली आहे, आणि वर्षभरात रेषा वर वळली आहे. शब्बाथच्या हमोत्सीसाठी मात्र ग्लुटेनविरहित ओटची वेगळी खल्ला करावी लागते. ती फार भुसभुशीत होते, अशी आजींची तक्रार आहे.