सस्पेन्स खाते

आमच्या घरात शास्त्रीय प्रश्न नेहमी जेवणाच्या वेळी निघतात. त्या वेळी मला पळून जाता येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. परवा आमटी वाढून होते न होते तोच सातवीतली कन्या म्हणाली, ‘‘बाबा, परग्रहावरचा माणूस आणि पृथ्वीवरची बाई, यांना मूल होऊ शकतं?’’

माझा घास हातातच राहिला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू हे सारे माझ्याकडच्या रक्तातून आले आहे. आईने मात्र अनुभवी माणसाप्रमाणे पहिली चौकशी केली, ‘‘कोणातला गो तो?’’

तो स्पॉक होता. 1966 साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ नावाची मालिका सुरू झाली, तिच्यातला हा टोकदार कानांचा गृहस्थ. वडील व्हल्कन ग्रहावरचे, आई पृथ्वीवरची शिक्षिका, आणि चिरंजिवांचे रक्त हिरवे. कारण म्हणे त्यात लोखंडाऐवजी तांबे. कन्या मोबाइलवर हे सगळे पाहून बसली होती.

मी बी. कॉम. आहे. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीत संपला, आणि तो उभयपक्षी संमतीने संपला. पण बापाने ‘माहीत नाही’ म्हणायचे नसते. ‘‘उद्या सांगतो,’’ असे म्हणून मी बँकेतली जुनी युक्ती वापरली.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मी शेतीकर्ज पाहणाऱ्या आमच्या साहेबांना गाठले. ते दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले. गिऱ्हाइकाला कर्ज का मिळणार नाही, हे ते ज्या मायेने समजावतात, त्याच मायेने त्यांनी मला सांगितले, ‘‘घोडा आणि गाढव घ्या. घोड्याची गुणसूत्रं 64, गाढवाची 62. प्रत्येकानं निम्मी द्यायची. म्हणजे 32 आणि 31.’’

‘‘63,’’ मी म्हणालो. बेरीज हा माझा प्रांत.

‘‘हे खेचर. ओझी उत्तम वाहतं. पण पुढची पिढी काढायची तर गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. 63 च्या कशा लागणार? म्हणून खेचराला बहुधा मूल होत नाही.’’

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. एक एंट्री जुळत नाही! संध्याकाळी ताळा लागला नाही की आम्ही फरक सस्पेन्स खात्यात टाकून घरी जातो. निसर्गाला घरी जायचे नसते. तो खाते तिथेच बंद करतो.

‘‘आणि परग्रहवाला?’’

‘‘अहो, घोडा आणि गाढव या एकाच बँकेच्या दोन शाखा. त्यांची खतावणी एकाच पद्धतीची. अमीबापासून ब्रँच मॅनेजरपर्यंत पृथ्वीवरचा प्रत्येक जीव डीएनएच्या त्याच चार अक्षरांत आपला हिशेब लिहितो. कारण तीन अब्ज वर्षांहून अधिक काळापूर्वीचा मूळ पुरुष एकच. परग्रहावरच्याची लिपी वेगळी, भाषा वेगळी. त्याच्याकडे वही तरी असेल की नाही कोण जाणे. त्यापेक्षा हापूस तुम्हाला जवळचा. त्याची गुणसूत्रं 40, तुमची 46.’’

सहाचाच फरक! एवढा फरक आमच्या एका काउंटरवर रोज येतो. पण आकडा जवळ आला म्हणून ताळा लागत नाही. 40 व्हाउचरे आंब्याची आणि 46 माणसाची असतील तर काय उपयोग? थोडक्यात, स्पॉकच्या आईने आंब्याच्या झाडाशी लग्न केले असते तर ते अधिक शास्त्रीय ठरले असते.

तांब्याच्या रक्तासाठी तर व्हल्कनला जायलाही नको. मिरकरवाड्याच्या बंदरावर टोपलीत वळवळणाऱ्या कुर्लीचे रक्त तांब्याचेच असते आणि हवा लागली की निळसर होते. (या कुर्ल्या मी केवळ शास्त्रीय दृष्टीने पाहतो, अशी आईची समजूत आहे.) पण निम्मे लोखंड आणि निम्मे तांबे घेऊन एकच हृदय चालवायचे म्हणजे दोन चलनांत एकच कॅश काउंटर. पहिल्याच दिवशी बोंब!

मालिकावाल्यांनाही हे पुढे उमजले असावे. 1993 साली त्यांनी एका भागात दाखवून टाकले, की फार पूर्वी एका आद्य जमातीने सगळ्या ग्रहांवर एकच बियाणे पेरून ठेवले होते. आमच्याकडे याला मागच्या तारखेची एंट्री म्हणतात. हिशेब जुळतो, पण ऑडिटर विचारतोच.

रात्री मी हे सगळे कन्येला ऐटीत सांगितले. वर आपल्या पुराणांचा दाखलाही दिला. कर्णाचे वडील तर प्रत्यक्ष तारा. घटोत्कचाची आई राक्षसी. पण घटोत्कचाला पुढे मुलगा झाला, म्हणजे तो खेचर नव्हे, म्हणजे शास्त्राप्रमाणे हिडिंबा माणसातलीच. भीमाच्या सासरची मंडळी राक्षस होती असे आपण म्हणतो. तसे पुष्कळांना वाटते. (सौभाग्यवतींनी भांडे जरा जोरात ठेवले.)

‘‘तेव्हा परग्रहाशी सोयरीक अशक्य,’’ मी निकाल दिला. ‘‘पण तुला हे कशाला हवं होतं?’’

ती आमटीत बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘‘कोल्हापूरला मामाकडे सगळे मला ‘कोकणी’ म्हणतात. इथे आजी ‘घाटावरची’ म्हणते. स्पॉकलाही दोन्हीकडे असंच म्हणायचे. तो अर्धा-अर्धा होता. म्हणून विचारलं.’’

ताटावर शांतता पसरली. सौभाग्यवती कोल्हापूरच्या. आमच्या लग्नानंतर पंधरा वर्षे या स्वयंपाकघरात ओले खोबरे आणि दाण्याचे कूट यांचे युद्ध चालू आहे. हे युद्ध आम्ही विनोद समजत होतो. मधल्या मुलखात कोणी राहत असेल, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. आईने भाताकडे पाहिले. मीही भाताकडे पाहिले.

रविवारी मी कन्येला थिबा पॉइंटवर घेऊन गेलो. खाली भाट्याची खाडी, मागे थिबाचा राजवाडा. तिला सांगितले, की 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला पदच्युत केले आणि 1886 साली इथे आणून ठेवले. पुढे रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना त्यांनी मंडालेला नेले. इंग्रजांचा ताळा असा चोख! राजाला हा राजवाडा 1910 साली मिळाला आणि 1916 साली तो इथेच वारला. त्या काळच्या रत्नागिरीकराला मंडाले काय आणि मंगळ काय, सारखेच. पण राजाच्या थोरल्या मुलीला राजवाड्यात नोकरी करणाऱ्या सावंत नावाच्या माणसापासून मुलगी झाली. टुटू तिचे नाव. ब्रह्मदेशाच्या राजाची ही नात रत्नागिरीतच संसार करून, मराठी बोलत म्हातारी झाली.

‘‘ती अर्धी कुठली होती?’’ कन्येने विचारले.

‘‘ती रत्नागिरीची होती.’’ एवढे सोपे उत्तर मी आयुष्यात प्रथमच दिले.

घरी आलो तर आई मागच्या पडवीत आंबा चिरत बसली होती. तो रत्ना होता. सौभाग्यवतींनी हौसेने कलम आणून लावलेला. ‘‘हापूसच्या बागेत सरमिसळ नको,’’ म्हणून आईने इतकी वर्षे त्याची फोडही तोंडात घातली नव्हती. हा आंबा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढला, 1981 साली. आई नीलम, दक्षिणेकडची, वडील हापूस. दोघांकडची वीस-वीस गुणसूत्रे, ताळा चोख. हापूस एक वर्ष धरतो आणि एक वर्ष रुसतो. वर पोटात कधी साका निघेल याचा नेम नाही. रत्ना नेमाने धरतो आणि त्यात साका नसतो. बाजारात त्याला कोणी अर्धा नीलम, अर्धा हापूस म्हणून विकत नाही. तो रत्नाच.

हे मला सांगायचे होते. पण आईने एक फोड स्वतः खाल्ली, दुसरी नातीच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘साका नाही हो मेल्यात.’’ एवढ्यावर भाषण संपले.

थोड्या वेळाने तिने कोय बाजूला ठेवत विचारले, ‘‘काय गो, तो तुझा हिरव्या रक्ताचा, तो मासेबिसे खातो काय?’’

‘‘नाही आजी. त्यांच्याकडे सगळे शाकाहारी असतात.’’

‘‘मग आपल्यातलाच की,’’ आई म्हणाली, आणि तिने दुसरा आंबा चिरायला घेतला.