डॉक्टर, पण सुई न देणारी



"पीएचडी झाली की तू डॉक्टर होणार, मग आमचं बीपी तपासशील ना?" हा प्रश्न भेस्तानच्या आमच्या सोसायटीत मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता मी सरळ सांगते, "बीपी नाही तपासणार, पण तुमच्या डब्यात काय आहे ते वजन करून सांगेन." माझा विषय पोषणशास्त्र. चाळिशी ओलांडल्यावर, दोन मुलं आणि सासूबाई असं भरलं घर सांभाळून मी डॉक्टरेटला नाव नोंदवलं. त्या अभ्यासाबद्दल आपल्या अंकात लिहावं असा मंडळाचा आग्रह झाला, म्हणून हा प्रपंच.

भेस्तान आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. मुंबईच्या रेल्वेमार्गावर उधना आणि सचिन यांच्या मधलं स्टेशन. आसपास पांडेसरा आणि सचिनच्या गिरण्या, लूमचे कारखाने, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारहून पोटापाण्यासाठी आलेली आपली माणसं. उधना-जळगाव गाडीतून कणीदार दादर ज्वारी, उडीद, बिबडे अजूनही पोत्यांनी येतात. माझा अभ्यास याच घरांतल्या बायकांच्या जेवणाचा आहे. गाव सोडल्यावर त्यांच्या ताटातलं काय टिकलं, काय गेलं आणि त्याचा रक्तावर काय परिणाम झाला, एवढाच साधा प्रश्न.

पण साध्या प्रश्नाची वाट लांबची असते. आधी प्रवेश परीक्षा, मग कोर्सवर्क, मग विषयाला मंजुरी, मग नीतिमत्ता समितीची परवानगी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन वर्षं लागतात आणि कमाल मुदत सहा वर्षांची असते. महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. संसार सांभाळून शिकणाऱ्या प्रत्येकीने हे माहीत करून घ्यावं. अनेक जणी "आता कुठे जमणार" म्हणून अर्जच करत नाहीत.

प्रत्यक्ष काम सुरू झालं तेव्हा पहिली अडचण भाषेची आली. मागच्या चोवीस तासांत काय काय खाल्लं ते आठवून सांगायचं, ही आमच्या शास्त्रातली जुनी, रुळलेली पद्धत. वाटी, डाव, चमचा दाखवून प्रमाण विचारायचं, आणि एका दिवसावर न थांबता सुटीचा दिवसही धरायचा. मी शुद्ध मराठीत विचारलं की बायका शुद्ध उत्तर देत: वरण, भात, भाजी, पोळी, कोशिंबीर. शाळेच्या पुस्तकातलं ताट! मग एक दिवस सासूबाई सोबत आल्या आणि त्यांनी दारातच बैठक मारून विचारलं, "काल काय खादं व माय?" त्याबरोबर खरं ताट समोर आलं. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी सगळ्यांचं झाल्यावर उरलेली पोळी आणि तिखट, चार वाजता पुन्हा चहा. "भाजी सरी गई व्हती," एक जण हसत म्हणाली. त्या दिवसापासून सासूबाई माझ्या बिनपगारी मदतनीस झाल्या.

दुसरी अडचण मोजमापाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या कोष्टकात ५२८ खाद्यपदार्थांची पोषणमूल्यं आहेत, पण तिथे ज्वारी वेगळी आणि उडीद वेगळा. आपली कळण्याची भाकरी तिथे नाही. मग घरोघरी जाऊन कळण्याचं प्रमाण विचारा, पीठ तोला, भाकऱ्या मोजा आणि हिशेब मांडा. हे करताना मला आजीच्या शहाणपणाचं फार कौतुक वाटलं. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते उडदात भरपूर असतं. उडदात जे कमी ते ज्वारी भरून काढते. दोन्ही एकत्र दळली की प्रथिनांचा कस वाढतो. बिबड्यांसाठी आपण ज्वारी आंबवतो, त्याने धान्यातलं फायटेट कमी होतं आणि लोह अंगी लागायला मदत होते. इथे आल्यावर जात्याची जागा तयार पिठाने घेतली, कळणा सणावारापुरता उरला आणि जेवणावर लगेच चहा आला. चहातले टॅनिन लोहाला अडवतात, हे आपण मनावर घेत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण देशात ५७ टक्के, महाराष्ट्रात ५४.२ टक्के आणि गुजरातमध्ये ६५ टक्के आढळलं. हे आकडे मी पाठ केले होते. पण रक्ताचा थेंब घ्यायला बोट पुढे करताना एका बाईने विचारलं, "ताई, माझं रक्त तुमच्या पुस्तकात जाईल, मला काय मिळेल?" त्या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं मला शक्य नव्हतं. म्हणून प्रत्येकीला तिचा हिमोग्लोबिनचा आकडा मराठीत लिहून द्यायचा, गरोदर नसलेल्या बाईचा १२ ग्रॅमच्या खाली असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जायला सांगायचं आणि महिन्याने पुन्हा चौकशी करायची असं ठरवलं. वेळ दुप्पट लागला. पण त्यातल्या कितीतरी जणींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा रिपोर्ट हातात घेतला. एकीच्या सातवीतल्या मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि वडिलांना म्हणाली, "आजपासून आई आपल्यासोबत जेवेल."

या वाटेवर मला कमला सोहोनींचा फार आधार वाटला. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा त्या हटल्या नाहीत. एक वर्ष अजमावून पाहण्याच्या अटीवर आत गेल्या आणि कामाने उत्तर दिलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली, तीही अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर! परत आल्यावर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी, कडधान्यं, नीरा अशा गरिबाच्या अन्नावर काम केलं. माझा प्रबंध चाळीस पानांत आटोपणार नाही, पण अन्न कोणाचं मोजायचं हे त्यांच्याकडून शिकले.

तिसऱ्या वर्षी घरात अडचण आली. यजमान ज्या कारखान्यात होते तिथे काम कमी झालं, पगार निम्म्यावर आला. मला एका ठिकाणी आहारतज्ज्ञाची पूर्णवेळ नोकरी मिळत होती. मुलीचं बारावीचं वर्ष. रात्री हिशेबाची वही घेऊन बसलो तेव्हा मी म्हटलं, "सोडून देते." सासूबाई भांडी आवरत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्या बायांना परत येते म्हणून सांगितलंय तू." यजमान काही बोलले नाहीत, वहीत शिकवण्यांच्या रकान्यापुढे माझं नाव लिहिलं. सकाळी दोन शिकवण्या, दुपारी सर्वेक्षण, रात्री लिखाण असं दीड वर्ष चाललं. मुलीने स्वतःचा अभ्यास करता करता माझी कोष्टकं संगणकावर चढवली.

आता प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहिते आहे. निष्कर्ष मौखिक परीक्षेआधी सांगता येत नाहीत, पण घरी आजपासून करता येईल अशा चार गोष्टी सांगते. महिन्याच्या दळणात एकदा तरी कळणा दळा. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. भाजी-वरणावर लिंबू पिळा, कच्चं काही खा. आणि घरातल्या बाईचं ताट सगळ्यांसोबत वाढा. याला पैसा लागत नाही.

आपल्या मंडळातल्या कोणा मुलीला, सुनेला या विषयात पुढे शिकायचं असेल तर जरूर भेटा. प्रवेश परीक्षेची पुस्तकं, अर्जाचे नमुने, सगळं जपून ठेवलं आहे. सासूबाईही सोबत यायला तयार आहेत. त्यांचं म्हणणं, आता पुढच्या डॉक्टरणीला अहिराणी त्याच शिकवतील.