मार्यान, तुझी नऊ मिनिटं

नऊ मिनिटं. एवढीच उरलीस तू, मार्यान.

‘द डिव्हाइन वूमन’, 1928चा मूकपट. सारा बर्नहार्टच्या तरुणपणाची पुसट सावली अंगावर घेऊन पॅरिसच्या रंगभूमीवर उगवलेली नटी तू. व्हिक्टर श्योस्त्रोमनं तुला घडवलं, ग्रेटा गार्बोनं तुला चेहरा दिला. दोघंही स्वीडनची, हॉलिवुडात बसून पॅरिस रचत होती. मग तू हरवलीस. पुष्कळ वर्षांनी मॉस्कोच्या संग्रहात एक रीळ सापडलं, त्यावर रशियन पाट्या. तुझे ओठ हलतात आणि शब्द तिसऱ्याच मुलखाचे उमटतात.

आणि या रिळात नाटकच नाही.

पडदा वर जाण्याआधी पॅरिसच्या नाटकघरात पडणारे काठीचे ते तीन ठोके (आपल्याकडे तिसरी घंटा), विंगेत उभ्याउभ्या घेतलेला शेवटचा श्वास, फूटलाइटांचा खालून हनुवटीवर चढत जाणारा उजेड, आणि समोरच्या काळोखातून उठलेल्या टाळ्या, ज्यांना मूकपटात तसाही आवाज नव्हताच, असं सगळं मी तुझ्याभोवती मनात उभारत जाते, एकेक दिवा लावत जाते, आणि पडदा सरकतो तेव्हा मंचावर नुसता उजेड असतो.

तू नसतेस.

उरली ती एक खोली. ल्युसिअन, लार्स हॅन्सनचा तो शिपाई. पलटणीबरोबर त्याला निघायचंय. तू त्याला बिलगतेस, हसतेस, पुन्हा बिलगतेस. वेळ सरकते.

गार्बो म्हणजे बर्फ म्हणतात. इथे पाहावं तिला! अंगात उन्हं शिरलेली अल्लड पोर.

गोष्ट तशी भडकच. तुझ्यासाठी तो पलटण सोडणार, पोशाख चोरणार, तुरुंगात जाणार. तू मात्र नावारूपाला येणार. असू दे भडक. अश्रूंचं ते सगळं भांडवल आता कागदावर चार ओळींत मावतं, आणि कागदाला तुझा गाल नाही.

नाटक रात्रीबरोबर विझतं, हे साराला ठाऊक होतं. चित्रफितीनं मात्र शब्द दिला होता. उजेड धरून ठेवीन म्हणाली होती. धरला तो नेमका तुझ्या आधीच्या तुझा.

त्या खोलीत तुला अजून कुणी ओळखत नाही, मार्यान. टाळ्या पुढच्या रिळात आहेत.