“जरा फळी धर गं!”

मैत्रिणींनो, ‘जरा धर गं’ अशी हाक आपल्याला घरात दिवसातून किती वेळा येते! शिडी धर, बॅटरी धर, दोरीचं टोक धर. आपण हाताचं पीठ पुसतो आणि जाऊन धरतो. नुसतं धरण्यात काय एवढं शिकायचं असतं, असं मलाही वाटायचं. २०२० च्या ऑगस्टपर्यंत वाटायचं.

गणपती चार दिवसांवर आले होते. त्या दिवसांत सुतार मिळेना, म्हणून चौरंग घरीच करायचं ह्यांनी ठरवलं. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली विजेची गोल करवत होतीच. गच्चीवर दोन स्टुलं मांडली, त्यांवर प्लायवुडची फळी. स्टुलाबाहेर आलेला तुकडा कापायचा होता. मला हाक आली, “जरा फळी धर गं!” मी पदर खोचला आणि ते टोक धरलं.

एक गोष्ट मात्र माझ्या नजरेला आली होती. ह्या करवतीच्या पात्याला खालून स्प्रिंगचं झाकण असतं. पातं लाकडात शिरताना ते मागे सरतं आणि बाहेर येताच आपोआप मिटतं. ते अडतं म्हणून ह्यांनी बारीक पाचर मारून उघडंच ठेवलं होतं. मी पाहिलं, पण बोलले नाही. म्हटलं, यंत्रातलं आपल्याला काय कळतं!

अर्ध्याहून जास्त फळी कापून झाली, तसं माझ्याकडचं टोक झुकायला लागलं. मदत म्हणून मी ते जरासं वर उचललं. त्याच क्षणी करवत किंचाळली, उसळली आणि उलटी ह्यांच्या अंगावर आली. पातं फिरतच होतं. मी वाळत घातलेला टॉवेल ओढला आणि दवाखाना येईपर्यंत मांडीवर दाबून धरला. चौदा टाके पडले. “आणखी दोन बोटं आत गेलं असतं, तर मोठी रक्तवाहिनी होती,” डॉक्टर म्हणाले.

त्या वर्षी गणपती पाटावर बसले. ह्यांना वाटे आपला हात ढिला पडला. मला वाटे माझंच काहीतरी चुकलं. पण बोललं कुणीच नाही. करवत माळ्यावर गेली.

दिवाळीनंतर आमचे जुने सुतारमामा आले, तेव्हा मी धीर करून विचारलं. त्यांनी दोन्ही तळवे समोरासमोर धरले. “वहिनी, ही कापलेली फट. तुम्ही टोक वर उचललंत, की फटीचं तोंड वरून मिटतं आणि पातं चिमटीत सापडतं. मिनिटाला पाच हजार फेरे घेणारं पातं ते! त्याला पुढं जाता येत नाही, मग ते लाकडावर चढून मागे उडी घेतं. आणि तुमचं झाकण तर बांधलेलं.”

मग त्यांनी आम्हा दोघांना बसवून शिकवलं. तेच तुम्हाला सांगते.

फळी हातात धरायचीच नाही. जमिनीवर चार सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवायच्या, कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि त्यांवर फळी. म्हणजे तुकडा झुकत नाही आणि फट मिटत नाही. पातं फळीच्या खाली एखादा दाताच बाहेर राहील इतकंच सोडायचं. १८ मिलिमीटरच्या प्लायला २३ पुरे. पात्याचे दात खालून वर कापत येतात, तेव्हा फळीची चांगली बाजू खाली ठेवा, म्हणजे ढलप्या तिच्यावर उडणार नाहीत. करवत दोन्ही हातांनी धरायची आणि पात्याच्या सरळ रेषेत न उभं राहता किंचित बाजूला उभं राहायचं. पातं अडकलं तर ओढाओढ नको. खटका सोडा, पूर्ण थांबू द्या, मगच बाहेर काढा. पातं बदलताना किंवा खोली ठरवताना आधी प्लग काढायचा. वायर पाठीमागे राहू द्या.

डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. पदर, ओढणी, मोकळे केस, बांगड्या, सैल हातमोजे यांपैकी काहीही नको. रोज सुरू करण्यापूर्वी झाकण बोटानं मागे सारून सोडून पाहायचं (हेही प्लग काढूनच हं!). ते खटकन मिटलं पाहिजे.

आणि लागलंच, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून पाहू नका. देव न करो, पण बोट तुटलं, तर तो तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फावर नको. तसंच दवाखाना गाठा.

पुढच्या वर्षी चौरंग झाला. फळ्या मी कापल्या, अगदी माझ्या हातानं! हे शेजारी उभे होते. “धरू का गं?” त्यांनी विचारलं. “नको,” मी म्हटलं, “तेवढं झाकण मिटतंय ना, ते बघा.”

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी हाक आली, की जरूर जा. पण टोक धरण्याआधी झाकणाकडे बघा, आणि खटकलं तर बोला. मी त्या दिवशी बोलले असते, तर चौदा टाके वाचले असते.