अनुपस्थितीची गाणी : पिंक फ्लॉइड कुठून ऐकावे?

पिंक फ्लॉइड कुठून ऐकायला सुरुवात करावी, असे कुणी विचारले की बहुतेक चाहते १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'कडे बोट दाखवतात. आमचे मत थोडे निराळे आहे. या बँडची उत्तम गाणी समोर नसलेल्या माणसाशी बोलत असतात. तेव्हा त्या माणसाचा आवाज आधी ऐकलेला बरा.

तो माणूस म्हणजे सिड बॅरेट. त्याचे 'सी एमिली प्ले' (१९६७) हे आमच्या यादीतले पहिले गाणे. खेळकर, बालगीतासारखे, आणि तरीही मनात किंचित भय ठेवून जाणारे. दुसरे 'जगबँड ब्लूज' (१९६८). दुसऱ्या अल्बमवरील त्याची ही एकमेव रचना. मध्येच एक ब्रास बँड गाण्यात घुसतो, सारे विस्कटते, आणि अखेरीस गिटारसोबत एकटा आवाज उरतो. मनःस्वास्थ्य ढासळलेल्या बॅरेटशिवाय बँड त्याच वर्षी पुढे गेला. गिटार डेव्हिड गिल्मोरकडे आली, शब्द हळूहळू रॉजर वॉटर्सकडे.

तिसरे, 'एकोज' (१९७१). रेकॉर्डची अख्खी एक बाजू व्यापणारे, २३ मिनिटांहून मोठे. विलंबित ख्यालाची सवय असलेल्यांनी या लांबीला बिचकण्याचे कारण नाही. चौथे, 'द ग्रेट गिग इन द स्काय' (१९७३). मृत्यूविषयीच्या या गाण्यात क्लेअर टोरी एकही शब्द गात नाही. येथे दीर्घकाळ अनुपस्थित राहिले ते तिचेच नाव : सहरचनाकार म्हणून तिला श्रेय मिळाले ते कोर्टकज्जानंतर, २००५ मधील तडजोडीने.

पाचवे गाणे या यादीचा गाभा आहे. 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' (१९७५) नऊ भागांचे असून अल्बमच्या आरंभी आणि शेवटी विभागलेले आहे. गिल्मोरच्या गिटारीवरचे चार स्वर येतात, थांबतात, पुन्हा येतात. शब्द बऱ्याच उशिरा. जून १९७५ मध्ये अल्बमचे काम चालू असताना एबी रोड स्टुडिओत एक स्थूल माणूस आला. डोके आणि भुवया भादरलेल्या. तो बॅरेट आहे, हे जुन्या सोबत्यांना प्रथम ओळखूच आले नाही.

विलापिका शिकवताना हे गाणे आम्ही वर्गात ऐकवतो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो तर जिवंत होता. मग जिवंत माणसासाठी शोक करण्याचा अधिकार यांना कुणी दिला?" प्रश्न वरवरचा नव्हता. बॅरेट २००६ पर्यंत जगला. केंब्रिजमध्ये, प्रसिद्धीपासून दूर, चित्रे काढत. जगाने मात्र त्याला त्या गाण्यातला 'वेडा हिरा' करून टाकले. प्रतीक झालेल्या माणसाचे साधे जगणे मग कुणाच्याच कामाचे उरत नाही.

वॉटर्सच्या बाबतीत ही अनुपस्थिती अधिक जुनी. १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत त्याचे वडील मारले गेले, तेव्हा तो जेमतेम पाच महिन्यांचा होता. 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' (१९८२) हे यादीतले सहावे गाणे त्या मृत्यूचा हिशेब मागते. ज्याची आठवणच नाही, त्याचा शोक कसा करावा, हा येथला प्रश्न. सातवे 'कम्फर्टेबली नम्ब' (१९७९) : येथे माणूस देहाने हजर आहे, पण स्वतःपासूनच दूर गेलेला.

त्या विद्यार्थिनीला आम्ही उत्तर दिले नाही. नववा भाग शेवटपर्यंत ऐकायला सांगितले. तेथे शब्द नाहीत. रिचर्ड राइटची कळफलकावरची बोटे संथपणे विरत जातात, आणि अगदी अखेरीस 'सी एमिली प्ले'ची धून क्षणभर कानी येते. विलापिकेचा शेवट बॅरेटच्याच सुरावटीने होतो. अधिकाराचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. पण ती धून ओळखता यायची असेल, तर आधी बॅरेट ऐकलेला असावा लागतो.