बंडू बर्फे आणि चॅलेंज कप

बंडू बर्फे हा सहा फूट दोन इंच उंचीचा डावखुरा बचावपटू. अंगाने दांडगा, डोक्याने गरम, स्केटिंग जेमतेम. त्याचा जन्म पुण्यात, माझ्या लॅपटॉपवर झाला. भाचा कॅनडात मिसिसागाला असतो. सिम्युलेशन हॉकी लीग नावाच्या उद्योगात आधी तो शिरला आणि मग मामालाही ओढलं. आमच्या घरात तोवर हॉकी म्हणजे ध्यानचंद. बर्फावरची हॉकी मी टीव्हीवरसुद्धा धड बघितली नव्हती.

या लीगमध्ये प्रत्येकाने एक खेळाडू घडवायचा. नेमून दिलेली कामं केली की सरावाचे गुण मिळतात, ते त्याच्या अंगी लावायचे: थोडे फटक्याला, थोडे वेगाला. सामना मात्र आपण खेळायचा नाही. सगळ्यांचे आकडे एका प्रोग्रॅममध्ये जातात, तो निकाल काढतो आणि आपण हातावर हात ठेवून बघत बसतो. चॅलेंज कप हे इथलं विजेतेपद. त्या कपाला वजन नाही, चकाकी नाही. तो उचलायला कुणाला घराबाहेर पडावं लागत नाही.

प्रोग्रॅमची भाषा म्हणजे पोलिसी पंचनामा. दुसरा पिरियड, चौदा मिनिटं सात सेकंद, अमक्याचा गोल, तमक्याचं साहाय्य. बस. त्यात धाप नाही, बर्फाचा फवारा नाही, प्रेक्षकांची शिवी नाही. ते सगळं माणसांनी घालायचं, आणि लीगने त्याची सोयही करून ठेवली आहे. लेख लिहा, चित्र काढा, लीगचे खोटे डॉलर मिळतात. त्या डॉलरांनी खेळाडूचं प्रशिक्षण विकत घेता येतं. म्हणजे बंडूचा फटका सुधारायला मला निबंध लिहावे लागतात. शाळेत असं काही असतं तर मी आज कुठल्या कुठे असतो.

पण फायनलच्या दिवसांत मोबदल्याचं कुणी बघत नाही. तेव्हा माणसं नुसती सुटतात.

बंडूचा संघ फायनलला पोचला. तिथे तिसऱ्या सामन्यात आमच्या गोलरक्षकाने एकेचाळीसपैकी चाळीस फटके अडवले. खरं कारण एवढंच, की फासे त्या दिवशी आमच्या बाजूने पडले. पण निकालाला तास होत नाही तोवर एकाने गोलजाळ्याचं प्रभामंडळ लावून त्याला संत केलं होतं. दुसऱ्याने गोलच्या खांबाची मुलाखत घेतली. खांब म्हणतो, ‘मला तीन वेळा लागलं, एकानेही विचारलं नाही.’ तिसऱ्याने हवामानाचा अंदाज दिला: जाळ्यासमोर दाट धुकं, पकांना (म्हणजे बर्फावरच्या हॉकीतल्या चकत्यांना) जपून जाण्याचा इशारा.

समोरचा संघही काही कमी नव्हता. (नाव मुद्दाम देत नाही, त्यांची माणसं वाचतात कुठून कुठून.) बंडूला पेनल्टी फार लागायच्या. कुणाला पाडलं, कुणाला काठी अडकवली, बसा दोन मिनिटं आत. तर त्या मंडळींनी पेनल्टी बॉक्समधल्या बाकाचं रीतसर चित्र काढलं. लाकडाच्या रेषा, एका बाजूला झिजलेला रंग, खाली अर्धी रिकामी पाण्याची बाटली आणि पाठीवर पितळी पाटी: ‘येथे बंडू बर्फे बहुतेक वेळ बसत.’ पाटीचे चार स्क्रूही रेखाटले होते, त्यातला एक सैल दाखवला होता. इतकं मन लावून माझी चेष्टा आजवर कुणी केली नव्हती. मी ते चित्र छापून घेतलं.

हा चावटपणा मूळ खेळातूनच आला आहे, हे मला पुढे कळलं. १९५२ साली डेट्रॉइटमध्ये मासळीचा धंदा असलेल्या क्युसिमानो भावांनी सामना चालू असताना बर्फावर मेलेला ऑक्टोपस फेकला. तिथल्या व्यावसायिक हॉकीतल्या स्टॅनले कपसाठी तेव्हा आठ विजय लागत, ऑक्टोपसला आठ पाय, हिशेब सरळ. डेट्रॉइटच्या संघाने ओळीने आठही सामने जिंकले आणि ती प्रथाच पडली. एकाच खेळाडूचे तीन गोल झाले की प्रेक्षक डोक्यावरच्या टोप्या बर्फावर भिरकावतात, तेही त्याच घराण्यातलं. आमच्याकडे बर्फच नाही, मग आम्ही चित्रं फेकतो.

आणि मी फेकला पोवाडा. गोलरक्षक गड राखतो म्हटल्यावर दुसरं सुचणार तरी काय! ‘एकेचाळीस गोळे सुटले, गडाला टवका एकच रं, जी जी रं जी.’ डफ नव्हता, स्टीलचा डबा होता. बायकोने झील धरली, तीही ‘शेजारी काय म्हणतील’ असं पुटपुटत. फोनवर रेकॉर्ड करून संघाच्या लॉकर रूममध्ये टाकला. लॉकर रूम म्हणजे आमच्या गप्पांची खाजगी खोली. भाच्याने इंग्रजीत मथितार्थ सांगितला. गोलरक्षक ज्याचा, तो गडी फिनलंडचा. त्याने अर्थबिर्थ काही विचारलं नाही. चाल किती वाढवता येईल तेवढं विचारलं.

सातवा सामना भाच्याकडच्या रात्री आठला, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. चहा घेऊन बसलो. बरोबरीत सुटून ओव्हरटाइममध्ये गेला. इथे पहिला गोल करणारा जिंकतो. पडद्यावर आमच्या गोलरक्षकाने अडवलेला प्रत्येक फटका उमटला की खाली अमेरिकेतली, युरोपातली माणसं ‘जी जी जी’ टाइप करत होती. रोमन लिपीत, ऱ्हस्वदीर्घाचा घोळ घालून, पण ठेक्यात. प्रोग्रॅमला यातलं काही ऐकू जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही थांबत नव्हतं.

मग ओळ आली: पेनल्टी, बर्फे, दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांतच गोल झाला. कप त्यांचा.

दोन्ही संघांत पैज लागली होती, की हरणाऱ्यांनी पुढचा सीझनभर जिंकणाऱ्यांचं चिन्ह आपल्या नावापुढे मिरवायचं. आमच्यातल्या एकाने त्यावर तोडगा काढला. चिन्ह लावलं, पण त्याला त्या पितळी पाटीच्या बाकावर बसवून. नियमात बसतं का यावर लांबलचक वाद झाला आणि शेवटी त्यांनीच ते चित्र वर्षातलं सर्वोत्तम ठरवलं.

आता त्यांच्या संघमालकाचा निरोप आला आहे. विजेत्यांनाही पोवाडा हवा म्हणतात. मी मानधन लीगच्याच डॉलरमध्ये सांगितलंय, बंडूला जरा शिस्त शिकवायची आहे. त्यांना आकडा जास्त वाटतो. घासाघीस चालू आहे.